छापाचं काँक्रीट: अंगण, नक्कल आणि पायाचं ज्ञान

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच विचारलं, "सर, हॉल चुकला नाही ना?" हॉल चुकलेला नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज तुमच्याशी घरापुढच्या काँक्रीटबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. चूक करून, पैसे घालवून आणि घरातल्या माणसाला दुखापत झाल्यावर शिकलो. शेवटी तत्त्वज्ञानही येईल, पण आधी खडी, वाळू आणि सिमेंट.

निवृत्तीनंतर आम्ही गावाबाहेर एक छोटं घर बांधलं. पुढे साधारण चारशे चौरस फुटांचं अंगण. गाडी उभी राहील, संध्याकाळी खुर्च्या टाकता येतील, एवढीच अपेक्षा. शहाबादी फरशी घालावी असं माझ्या पत्नीचं म्हणणं होतं. मी एका ठिकाणी स्टॅम्प्ड काँक्रीट पाहिलं होतं. अगदी घडीव दगडासारखं, चिऱ्याला चिरा लागलेला, रंग पावसात भिजलेल्या काळ्या दगडाचा. मी हट्ट केला. जानेवारीत काम झालं. जुलैत, रिमझिम पावसात, पत्नी गेटपाशी दूध घ्यायला गेली आणि त्या सुंदर दगडावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत स्वयंपाक मी केला आणि उरलेल्या वेळात एकच प्रश्न घेऊन बसलो. असं का झालं? खडबडीत दिसणाऱ्या जमिनीवरून माणूस घसरतो कसा? आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्क मिस्त्री राहतात, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले. त्यांना बोलावलं. ते अंगणात उकिडवे बसले, हात फिरवला आणि म्हणाले, "सर, डोळा फसला, म्हणून पाय फसला." ज्ञानमीमांसेवर मी पस्तीस वर्षं जे शिकवलं ते या माणसाने एका ओळीत सांगितलं. त्या ओळीपर्यंत आपल्याला पोचायचं आहे. पण पायरीपायरीने.

पहिली पायरी. हे प्रकरण आहे तरी काय?

स्टॅम्प्ड काँक्रीट म्हणजे ओल्या काँक्रीटवर रबरी साचा दाबून उठवलेला ठसा. दगड, वीट, लाकडाच्या फळ्या, हवा तो नमुना. ही पद्धत अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन नावाच्या कंत्राटदाराने १९५० च्या दशकात ती रुळवायला सुरुवात केली. सुरुवातीचे साचे धातूचे, जड, जवळपास बिस्किटं कापण्याच्या साच्यासारखे. पुढे पॉलियुरेथेनच्या लवचिक मॅट आल्या. त्या खऱ्या दगडावरून ओतून घेतलेल्या असतात, त्यामुळे दगडाचा बारीकसारीक पोतही उमटतो. आपल्याकडे बंगले, फार्महाउस, सोसायट्यांचे रस्ते इथे ही पद्धत आता सर्रास दिसते.

कोणी म्हणेल, छे, ही तर नक्कल! थांबा जरा. सिमेंटचं नावच बघा. आपण ज्याला पोर्टलँड सिमेंट म्हणतो त्याचं पेटंट इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली घेतलं. 'पोर्टलँड' का? तर त्याचं सिमेंट घट्ट झाल्यावर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलँडच्या प्रसिद्ध बांधकामी दगडासारखं दिसतं, असा त्याचा दावा होता. म्हणजे सिमेंट जन्मापासूनच 'मी दगडासारखा आहे' असं सांगत आलेलं आहे. त्यामुळे नक्कल हा शब्द उच्चारून प्रकरण निकालात काढता येत नाही. कशाची नक्कल केली आणि कशाची राहून गेली, हे विचारावं लागतं.

दुसरी पायरी. जमीन.

लोक रंग आणि डिझाइन निवडायला दोन तास घालवतात आणि खालच्या मातीबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. मीही विचारला नव्हता. आपल्याकडे पठारावर बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतातल्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. तिच्यावर चार इंचाचा स्लॅब टाकला तर दोन पावसाळ्यांत तो तडकणारच, वर किती का सुंदर ठसा असेना. म्हणून काळी माती काढायची, मुरूम भरायचा, तो थराथराने पाणी मारून चोपायचा. एक फूट मुरूम एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर चोप फक्त वरच्या थराला बसतो. सहा-सहा इंचांचे थर हवेत. त्यावर सोलिंग किंवा खडीचा थर, तोही दाबून.

उतार याच वेळी ठरतो. अंगणाचा उतार घराकडून बाहेर, साधारण पन्नासाला एक. म्हणजे तीन मीटर लांबीला सहा सेंटिमीटर. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पाण्याला मात्र लगेच कळतो. आमच्या अंगणात गेटपाशी उतार जवळपास संपला होता. तिथे पाण्याचा पातळ थर साचून राहायचा. पत्नी घसरली ती नेमकी तिथे.

तिसरी पायरी. काँक्रीट.

माणसं चालण्यापुरतं असेल तर १०० मिलिमीटर जाडी पुरते. गाडी यायची असेल तर १२५ धरा. घराची भिंत आणि स्लॅब यांच्यात दहा-बारा मिलिमीटरची थर्मोकोलची किंवा बिटुमेन बोर्डाची पट्टी सोडायची, कारण काँक्रीट उन्हाने वाढतं आणि त्याला जागा लागते. वेल्डेड जाळी घालणार असाल तर ती स्लॅबच्या पोटात राहायला हवी, वरच्या अर्ध्यात. बहुतेक ठिकाणी काय होतं? जाळी मुरमावर अंथरतात, वरून काँक्रीट ओततात आणि 'नंतर ओढून घेऊ' म्हणतात. ती खालीच राहते. खालची जाळी वरचा तडा धरून ठेवत नाही. म्हणून तिच्याखाली कव्हर ब्लॉक ठेवले आहेत का, हे ओतण्याआधी वाकून बघायचं.

मिश्रण एम २५ दर्जाचं मागा. आणि पाण्यावर नजर ठेवा. १९१८ साली डफ अब्राम्स या अमेरिकन अभियंत्याने प्रयोगांतून दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणी लागतं. बाकीचं पाणी आपण फक्त काम सोपं व्हावं म्हणून घालतो. ते उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात. ५० किलोच्या पोत्याला वाळूतल्या ओलाव्यासकट २५ लिटर, ही वरची मर्यादा समजा. मजुरांना ओढायला जड जातं म्हणून आणखी एक बादली पडते. ती एक बादली तुमच्या अंगणाची दहा वर्षं घेऊन जाते. काम सोपं करायचं असेल तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर घाला. मजुरांचा दोष नाही यात. कमी पाण्याचं काँक्रीट ओढून बघा म्हणजे कळेल.

चौथी पायरी. थांबणं.

काँक्रीट पसरलं, पट्टीने लेव्हल केलं, फ्लोट फिरवला. आता थोड्या वेळात पृष्ठभागावर पाणी चकाकायला लागतं. जड खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. हे पाणी असताना काहीही करायचं नाही. ते आपोआप नाहीसं होऊ द्यायचं. चकाकी गेली आणि पृष्ठभाग मंद झाला की रंग.

रंगाच्या दोन पद्धती. एक, रंगद्रव्य सगळ्या मिश्रणातच घालायचं. टवका उडाला तरी आतून तोच रंग दिसतो. दुसरी, कलर हार्डनर, म्हणजे सिमेंट, बारीक कठीण वाळू आणि रंग यांची कोरडी पूड वरून पेरायची. पेरायची म्हणजे शेतात बी फोकतो तशी, हात खाली ठेवून. दर चौरस मीटरला साधारण तीन किलो. आमच्या अंगणाला हिशेबाने सुमारे ११० किलो लागायला हवी होती. आली होती किती, ते मी मोजलं नाही. दोन तृतीयांश पूड आधी पेरायची, ती खालचा ओलावा पिऊन गडद झाली की रंधा मारायचा, मग उरलेली पेरून पुन्हा रंधा. कडा आधी करायच्या, कारण त्या आधी सुकतात.

आमच्याकडे इथे दुसरी चूक झाली. काम सकाळी साडेदहाला सुरू झालं. जानेवारी असला तरी दुपारचं ऊन लागलं, वारा होता. पूड पेरेपर्यंत एक कोपरा सुकला. मग कोणीतरी मगाने पाणी शिंपडलं आणि वरून थापी मारली. त्या क्षणी ते फार छान दिसलं. पण वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये पाणी वाढलं, म्हणजे तेवढा थर अशक्त झाला. वर्षभरात तो कोपरा पापुद्र्यासारखा सुटायला लागला. म्हणून काम पहाटे सुरू करा, वारा असेल तर आडोसा करा आणि एका दिवसात जेवढं झेपेल तेवढंच ओता. चारशे चौरस फूट दोन भागांत केलं तर काही बिघडत नाही.

पाचवी पायरी. ठसा.

मॅट ओल्या सिमेंटला चिकटू नये म्हणून आधी रिलीज पावडर भुरभुरतात. ती मूळ रंगापेक्षा एक छटा गडद घेतात, म्हणजे खोबणीत राहून जुन्या दगडाचा भास देते. मग मॅट ठेवायच्या, वर उभं राहायचं आणि हातातल्या धुमसाने ठोकायचं. पहिली रांग दोरीला धरून सरळ. पहिली तिरकी गेली तर शेवटची कुठे जाईल सांगता येत नाही. एका रांगेला पुरून दुसऱ्या रांगेची सुरुवात होईल इतक्या मॅट हव्यात. भिंतीलगत कडक मॅट बसत नाही, तिथे मऊ मॅट आणि हातातली छिन्नी.

सगळा खेळ वेळेचा आहे. लवकर दाबलं तर ठसा खोल जातो, कडा वर उचलल्या जातात, गारा मॅटला लागतो. उशिरा दाबलं तर ठसा उमटतच नाही. बोट दाबल्यावर चार-पाच मिलिमीटरचा स्वच्छ ठसा राहिला आणि बोटाला गारा लागला नाही, की वेळ झाली. हा क्षण घड्याळात नसतो. ऊन, वारा, सिमेंट, दिवस, सगळ्यांवर अवलंबून. थंड सकाळी दोन-तीन तास हाताशी असतात, उन्हात एक तासही नाही.

मला इथे माझी आजी आठवते. आमचं मूळ गाव कोकणात. पावसाळा संपला की दरवर्षी अंगण नवं करायचं. माती उकरायची, दगड वेचायचे, पाणी मारून जमीन सारखी करायची आणि मग लाकडी चोपण्याने चोपायची. त्यानंतर शेणाचं सारवण. चोपायला कधी बसायचं ते आजी ठरवायची. ती अनवाणी अंगणात जायची, टाच दाबायची, आणि म्हणायची, "अजून नाही." तासाभराने पुन्हा टाच. "आता घ्या." माती चिकटायला नको आणि फुटायलाही नको. आमच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींचा अंगठा आणि माझ्या आजीची टाच यांना एकच गोष्ट माहीत होती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अशा ज्ञानाला फार कमी गुण देतो, कारण ते वाक्यात मांडता येत नाही.

सहावी पायरी. सांधे आणि पाणी.

काँक्रीट सुकताना आकसतं, आणि आकसलं की तडकतं. ते तडकणारच असेल तर कुठे, हे आपण ठरवायचं. म्हणून दर अडीच-तीन मीटरवर जाडीच्या पाव खोलीची, म्हणजे १०० मिलिमीटरला २५ मिलिमीटरची, काप घ्यायची. त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या सकाळी. तडा मग त्या कापेच्या तळाशी जातो आणि दिसत नाही. बरेच ग्राहक म्हणतात, "डिझाइन बिघडतं, काप नको." काप नको म्हटलं तरी तडा येतोच, फक्त त्याच्या मर्जीने येतो. नमुन्याच्या रेषेतून काप नेली तर ती लपतेही.

मग क्युरिंग. स्लॅबवर आळी बांधून पाणी भरायचं, गोणपाट ओलं ठेवायचं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. आपलं मानक, आय. एस. ४५६, साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि फ्लाय ॲश असलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं. पण रंगीत काँक्रीटवर गोणपाटाचे डाग उठतात. प्लास्टिक अंथरलं तर सुरकुत्यांच्या रेघा उठतात. आणि अर्धं ओलं अर्धं सुकं राहिलं तर आतला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची क्रिया होते आणि पांढरे पट्टे उमटतात. ही आमची तिसरी चूक. नेहमीच्या सवयीने गोणपाट टाकलं, अधूनमधून विसरलो, आणि काळ्या दगडावर पांढरे नकाशे उमटले. उपाय असा, की दुसऱ्या दिवशी जादा पावडर धुऊन काढायची आणि रंगाला चालणारं क्युरिंग कंपाउंड सगळीकडे सारखं मारायचं. मात्र वर जो सीलर येणार त्याला ते चालतं का, हे डब्यावर वाचून आधीच ठरवायचं. चांगली सवय चुकीच्या जागी लावली की तीही नुकसान करते.

आणि काम करणाऱ्यांबद्दल एक गोष्ट. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याने त्वचा भाजते. रिलीज पावडर आणि काप घेतानाची धूळ छातीत जाते, आणि त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसाचं कायमचं नुकसान करते. हातमोजे, गमबूट, चांगला मास्क, आणि कापताना पाण्याची धार. ठेकेदार देत नसेल तर आपण आणून द्या. अंगणाच्या खर्चात ही रक्कम दिसतही नाही.

आता शेवटची पायरी. सीलर. सगळं नाट्य इथे घडतं.

साधारण अठ्ठावीस दिवसांनी, पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना, ॲक्रिलिक सीलरचे दोन पातळ हात देतात. त्याने डाग मुरत नाहीत, रंग खुलतो. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. त्यात एक 'ओला देखावा' देणारा प्रकार मिळतो. दगड नुकताच पावसात भिजलाय असं कायम दिसतं. मला तोच आवडला होता. लावणाऱ्यानेही सढळ हाताने जाड थर दिला. ठशाच्या बारीक उंचसखल पोतात तो थर भरला, आणि दगडाचा खडबडीतपणा दिसायला राहिला, पायाला उरला नाही.

आता मिस्त्रींचं वाक्य पुन्हा ऐका. "डोळा फसला, म्हणून पाय फसला."

खरा दगड ओला झाला की गडद होतो. आपण लहानपणापासून हे शिकलोय, नकळत. दारातून पाऊल टाकताना डोळा रंग बघतो, पायाला सांगतो 'ओलं आहे, जपून', आणि पाय आपोआप छोटं पाऊल टाकतो. नैयायिक याला अनुमान म्हणतील. धूर दिसला की अग्नी. गडद दिसलं की ओल. गडदपणा हे ओलीचं लिंग, म्हणजे खूण. पण जे अंगण उन्हातही ओलं दिसतं, तिथे ही खूण मेली. सहा महिने माझ्या पत्नीचा डोळा 'ओलं' बघत होता आणि पाय 'कोरडं' अनुभवत होता. शेवटी पायाने डोळ्याचं ऐकणं सोडून दिलं. आणि जुलैत खरंच ओलं झालं, तेव्हा सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

नक्कल हा आमच्या शास्त्रातला जुना विषय. प्लेटोने रिपब्लिकच्या दहाव्या पुस्तकात चित्रकाराची पलंगाची प्रतिमा सत्यापासून फार दूर असते असं मांडलं. जॉन रस्किनने १८४९ साली वास्तुकलेवरच्या आपल्या ग्रंथात सत्याला एक स्वतंत्र दीप मानला, आणि एका पदार्थाला रंगवून दुसरा भासवणं ही फसवणूक ठरवली. तरुणपणी मला रस्किन पूर्ण पटायचा. आज अर्धाच पटतो. काँक्रीट दगडासारखं दिसलं म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही. आमच्याकडे आलेल्या कोणीही तो दगड आहे असं मानून काही केलं नाही. नुकसान झालं ते 'कोरडं असताना ओलं' दाखवल्याने, कारण त्या खुणेवर शरीर चालत होतं. न्यायशास्त्रात ज्ञानाची एक कसोटी आहे. ज्ञान खरं असेल तर त्यावरून केलेली कृती फळाला येते. शिंपल्याला चांदी समजलं तर हात घातल्यावर कळतं. तीच कसोटी इथे लावा. ज्या देखाव्यावर कोणाची कृती अवलंबून नाही, ती शोभा. ज्या देखाव्यावर विसंबून माणूस पाऊल टाकतो, तिथे खोटं चालत नाही. माझ्यापुरती मी रेषा इथे ओढली आहे.

मग आम्ही काय केलं? सगळं उखडलं नाही. सॉल्व्हंटने जुना सीलर काढला. गेटपाशी साचणाऱ्या पाण्याला वाट म्हणून एक उथळ पन्हळ कापली. चमक नसलेला सीलर पातळ हाताने दिला आणि दुसऱ्या हातात घसरण रोखणारी बारीक कणी मिसळली. सुटलेला कोपरा तोडून तिथे माती मोकळी केली. एवढ्याने दोन गोष्टी झाल्या. आता अंगण उन्हात फिकट दिसतं आणि पावसात गडद होतं. आणि कोपऱ्यात पाणी जिरायला जागा मिळाली. चारशे फूट जमीन झाकताना ते पाणी कुठे जाईल, हा विचार मी केलाच नव्हता. पत्नीने तिथे तगर लावली आहे.

शेवटी दोन प्रश्न घेतो.

एका ताईंनी विचारलंय, ठेकेदाराला आधी काय विचारावं? सहा गोष्टी. खाली मुरूम किती आणि किती थरांत? जाडी किती? उतार कुठून कुठे? काप कुठे घेणार? पूड किती किलो आणणार? सीलरमध्ये कणी घालणार का? उत्तरं कागदावर घ्या. आणि त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं एखादं काम बघायला जा, पाऊस पडत असताना, साध्या चपलेने. नव्या कामाचे फोटो बघू नका. नवं सगळंच छान दिसतं.

मागून प्रश्न आलाय, सर, आज पुन्हा करायचं झालं तर शहाबादी घालाल की हेच? प्रामाणिक उत्तर देतो. फरशीचा एक मोठा गुण आहे. खाली पाइप फुटला तर चार फरश्या उचलून परत बसवता येतात. छापाचं काँक्रीट तोडलं तर ठिगळ कायम दिसतं, रंग पुन्हा तसा जुळत नाही. उलट फरशीच्या सांध्यांत गवत येतं, कडा वरखाली होतात, आणि गाडीखाली पातळ फरशी फुटते. ज्याच्या अंगणाखाली जुन्या पाइपांचं जाळं आहे त्याने हे करू नये. ज्याची जमीन घट्ट आहे, ज्याला पहाटे उभं राहून काम करून घेता येईल, त्याने खुशाल करावं.

आणि मी? मी या वेळी पत्नीला विचारीन. मागच्या वेळी तिने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे, मनगट आता ठीक आहे, पण पावसाळी हवेत दुखतं. तेव्हा या विषयावरचं शेवटचं मत तिचं.